नवं पोलाद, जुना गुडघा

"ही काय आजोबांच्या काळातली रायफल नाही, नव्या पोलादाची आहे. हिला काय धाड भरलीय?" विंचेस्टर १८७३ ची प्रतिकृती विकत घेतलेल्या आणि घरी काडतुसं भरायला शिकलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य आज ना उद्या येतंच. अमेरिकेतल्या रेंजवर ते रोज ऐकू येतं आणि तिथे शनिवारची सकाळ काढणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनीही ते उचललं आहे. त्यामागचा युक्तिवाद असा : मूळ रायफल लोखंडाची होती, ही मिश्रपोलादाची आहे. ती काळ्या दारूसाठी होती, हिच्यावर प्रूफ-हाउसचा, म्हणजे दाबाच्या चाचणीचा, शिक्का आहे. शिवाय हेच मॉडेल .३५७ मॅग्नममध्येही मिळतं आणि ते काडतूस ३५ हजार पौंडांचं. मग .४५ कोल्टच्या १८७३ मध्ये पुस्तकातला १४ हजारांचा मिळमिळीत लोड कशाला भरायचा? आकडे दर चौरस इंचावरच्या दाबाचे.

युक्तिवाद ऐकायला गोड आहे आणि त्यातलं प्रत्येक विधान सुटं घेतलं तर जवळपास खरंही आहे. निष्कर्ष तेवढा चुकीचा. चुकीचाच नव्हे, धोक्याचा, कारण तो अनाडी माणसाला सुचत नाही. दोन पुस्तकं वाचलेल्या माणसालाच सुचतो.

आपल्याकडे परवान्यावरची काडतुसं वर्षाला मोजून मिळतात, त्यामुळे या छंदाची ओळख कमी. झाडलेली पितळी पुंगळी पुन्हा डायमधून काढून मापात आणायची, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, दारू ग्रेनमध्ये तोलून घालायची, वर शिशाची गोळी बसवून पुंगळीचं तोंड आवळायचं. अमेरिकेत हे काम लाखो लोक घरच्या बाकड्यावर करतात, बहुतेक जण काळजीपूर्वक करतात. माझं भांडण या छंदाशी नाही. "पुस्तकातले आकडे वकिलांना घाबरून लिहिलेत" असं म्हणून त्यापुढे जाणाऱ्यांशी आहे.

त्यांचं खरं असलेलं आधी मान्य करतो. इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या गावात १९५९ पासून उबेर्ती या प्रतिकृती करत आली आहे. २०१३ पासून विंचेस्टरच्या नावाने जपानच्या मिरोकू कारखान्यातून नवी १८७३ येते. दोन्हींचं पोलाद १८७३ सालच्या लोखंडापेक्षा कितीतरी मजबूत आहे. सुरुवातीच्या मूळ रायफलींची चौकट घडीव लोखंडाची होती, पोलादाची नंतर आली. तेव्हा नवी रायफल जुनीपेक्षा बळकट आहे का? आहे. प्रश्न तो नाहीच. काय बळकट झालं आणि काय होतं तसंच राहिलं, हा प्रश्न आहे.

त्यासाठी ही रायफल उघडून पाहावी लागते. १८७३ ची ती एक सोय आहे. एक स्क्रू काढला की दोन्ही बाजूंच्या पट्ट्या निघतात आणि आतलं सगळं उघड्यावर येतं. पुढे पुंगळीच्या बुडाला टेकणारा बोल्ट, त्याच्या मागे दोन्ही बाजूंना दुव्यांची एकेक जोडी. लिव्हर खाली ओढला की हे दुवे मधल्या सांध्यात मोडतात आणि बोल्ट मागे येतो. लिव्हर वर नेला की दुवे सरळ रेषेत येऊन ताठ होतात. माणूस गुडघा ताठ करून वजन पेलतो तसंच हे आहे : ताठ आहे तोवर भार सरळ हाडातून जातो, जरा वाकला की सगळा खेळ स्नायूंवर. या रचनेला टॉगल म्हणतात. ती १८६० च्या हेन्री रायफलीतून १८६६ च्या मॉडेलात आली आणि तिथून १८७३ मध्ये. इटलीत असो की जपानात, आजही ती तीच आहे, कारण ती बदलली तर १८७३ ची प्रतिकृती कसली?

आता दुव्यांच्या गोलसर टोकांवर मार्करची निळी शाई लावा, पट्ट्या बसवा, थोडी साधी काडतुसं झाडा आणि पुन्हा उघडा. ज्या रायफलीची जुळणी नीट झाली आहे तिच्यात शाई टोकांच्या गोलाईवरून रुंद पट्ट्यात घासली गेलेली दिसेल. म्हणजे भार दुव्यातून दुव्यात जातो आहे आणि मधली पिन नुसती जागा राखून आहे. ज्या रायफलीत दुवे ढिले आहेत तिच्यात शाई एका कडेला, ठिपक्याएवढी गेलेली असते, किंवा एका बाजूची जोडी घासते आणि दुसरी कोरीच राहते. तिथे भार पिनवर किंवा एकाच जोडीवर आहे. दोन्ही रायफली एकाच कारखान्याच्या, एकाच पोलादाच्या, एकाच किमतीच्या असू शकतात. "नवं पोलाद" या दोन शब्दांत हा फरक कुठेच बसत नाही.

बोल्टवर येणारा धक्का या रचनेत फार लांबचा प्रवास करतो. पुंगळीच्या बुडापासून बोल्टमध्ये, बोल्टमधून पुढच्या दुव्यात, तिथून मागच्या दुव्यात आणि शेवटी रिसीव्हरच्या, म्हणजे रायफलीच्या चौकटीच्या, मागच्या टोकाला. भाराच्या वाटेवरचा प्रत्येक भाग थोडा दबतो आणि रिसीव्हर थोडा ताणला जातो. वाट जितकी लांब तितकी एकूण लवचीकता जास्त. यंत्रशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल ती गोष्ट इथे येते : चांगल्या पोलादाने ताकद वाढते, ताठपणा वाढत नाही. साधं लोखंड घ्या किंवा उष्णतेची प्रक्रिया केलेलं भारी मिश्रपोलाद घ्या, त्यांचा यंगचा गुणांक जवळपास सारखाच, साधारण २०० गिगापास्कल. भारी पोलाद कायमचं वाकायला जास्त भार लागतो, एवढंच. तात्पुरतं दबण्याच्या बाबतीत दोघे सारखेच. म्हणजे त्याच मापाचा टॉगल त्याच धक्क्याखाली १८७३ साली जेवढा दबत होता, जवळपास तेवढाच आजही दबतो. बोल्ट मागे सरकला की पुंगळीच्या बुडाचा आधार तेवढा जातो. आणि पुंगळी पितळेचीच आहे. तिचं कुणी नवं पोलाद केलेलं नाही. ती ताणते, दर वेळी बुडाजवळ थोडी पातळ होते, आणि एखाद्या फेरीला तिथेच आडवी फाटते. मग तो वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने वाट शोधतो.

ताठपणाचं महत्त्व बनवणाऱ्यालाही कळतं, याचा पुरावा त्याच्याच यादीत आहे. १८६६ चं मॉडेल, अमेरिकेत ज्याला पिवळ्या चौकटीमुळे 'यलो बॉय' म्हणतात, तेही उबेर्ती करते. टॉगल तोच, चौकट पितळी जातीच्या मिश्रधातूची. ती रायफल .३८ स्पेशलमध्ये मिळते. .३५७ मॅग्नममध्ये मिळत नाही. नळीचं भोक एकच, पुंगळीची जाडी एकच, लांबीत थोडा फरक. .३८ स्पेशलची मर्यादा १७ हजार, .३५७ ची ३५ हजार. पितळी मिश्रधातूंचा ताठपणा पोलादाच्या निम्म्याच्या आसपास असतो, ताकदही कमी असते. तेव्हा ".३५७ मध्ये १८७३ मिळते" हे वाक्य फेकणाऱ्याने ".३५७ मध्ये १८६६ का मिळत नाही" याचंही उत्तर द्यावं.

आता त्यांच्या तुरुपाच्या पानाकडे येतो. .३५७ ची १८७३ जर ३५ हजार झेलते, तर .४५ कोल्टची तीच रायफल निदान २५-३० हजार का झेलणार नाही?

कारण बोल्टला दाब कळत नाही. त्याला धक्का कळतो, आणि धक्का म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. .३५७ च्या पुंगळीचा बुडाजवळचा व्यास ०.३७९ इंच, .४५ कोल्टचा ०.४८० इंच. बाहेरचा व्यास धरून हिशेब केला तर क्षेत्रफळं येतात ०.११३ आणि ०.१८१ चौरस इंच. म्हणजे .३५७ चा पूर्ण दाबाचा धक्का साधारण ३,९५० पौंड. .४५ कोल्टचा १४ हजारांवर २,५३० पौंड. तेच .४५ कोल्ट रुगरच्या दणकट रिव्हॉल्व्हरसाठी लिहिलेल्या ३० हजारांच्या लोडने भरलं तर ५,४३० पौंड. पुस्तकी लोडच्या दुपटीहून जास्त, आणि ज्या .३५७ चा दाखला देता तिच्याहीपेक्षा ३७ टक्के वर. २५ हजारांवर थांबलात तरी ४,५२० पौंड, म्हणजे १५ टक्के वर. प्रत्यक्षात पुंगळी चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या तिच्या घराच्या, भिंतीला चिकटून थोडा भार स्वतः घेते, आतला व्यासही कमी असतो. पण ते दोन्ही काडतुसांना लागू आहे, तुलना बदलत नाही. चेंबरमध्ये तेल राहिलं असेल तर ती पकडही गेली.

इथे चलाख वाचक म्हणेल, मग .३५७ एवढाच धक्का यावा असा दाब काढू. तो येतो साधारण २१,८०० पौंड. तेवढ्यापर्यंत हरकत नाही ना? हरकत आहे. नळीचा मागचा, रिसीव्हरमध्ये आटे घालून बसवलेला भाग बाहेरून त्याच मापाचा. त्यात .३५७ पेक्षा दशांश इंचाने रुंद चेंबर कोरलं की भिंत पातळ झाली. त्याच दाबाला रुंद भोक आणि पातळ भिंत म्हणजे भिंतीवरचा ताण दुहेरी वाढला. बोल्ट वाचला म्हणून चेंबर वाचेलच असं नाही. आणि प्रूफचा शिक्का कशाचा असतो? युरोपच्या नियमानुसार प्रूफ-फेरी त्या काडतुसाच्या कमाल दाबापेक्षा २५ ते ३० टक्के जास्तीची असते. तुमच्या नळीवर .४५ कोल्ट कोरलं आहे, तर प्रूफ .४५ कोल्टचं झालं आहे. १४ हजारांत ३० टक्के मिळवा, १८,२०० होतात. युरोपच्या मानकात मूळ आकडा किंचित वेगळा आहे, पण २५ हजारांच्या आसपास तो फिरकतही नाही. शिक्का दाखवून ३० हजारांचा लोड भरणं म्हणजे दहावीच्या मार्कशीटवर डॉक्टरी करणं. आणि प्रूफ-फेरी प्रूफ-हाउसमध्ये एक-दोनदा झाडतात, दर शनिवारी शंभर नाही.

इतिहासाचा आधार घ्यायचा तर तोही त्यांच्या बाजूने नाही. मूळ विंचेस्टर १८७३ कधीच .४५ कोल्टमध्ये निघाली नाही. त्या पुंगळीची त्या काळची कडा इतकी अरुंद होती की झाडलेली पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरला पकड मिळेना. ती निघाली मुख्यतः .४४-४०, .३८-४० आणि .३२-२० मध्ये, एकूण सात लाखांहून जास्त. .४४-४० ची आजची मर्यादा ११ हजार. बिनधुराची दारू आल्यावर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, खुद्द विंचेस्टरने .४४-४० चं जास्त वेगाचं काडतूस काढलं ते १८९२ च्या मॉडेलसाठी, आणि १८७३ मध्ये वापरू नका अशी सूचना डब्यावर छापली. ज्या कंपनीने दोन्ही रायफली बनवल्या तिने एकाच काडतुसाचे दोन वर्ग केले. तिला पोलाद कळत नव्हतं म्हणून नव्हे, स्वतःचा टॉगल कळत होता म्हणून.

१८९२ मध्ये नेमकं काय वेगळं होतं? ती जॉन ब्राउनिंगची रचना, १८८६ च्या त्याच्याच मोठ्या रायफलीची लहान आवृत्ती. लिव्हर बंद झाला की बोल्टच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या दोन उभ्या खुंट्या वर सरकतात आणि बोल्ट व रिसीव्हर यांना थेट एकमेकांत अडकवतात. मध्ये सांधे नाहीत, पिनांवर भार नाही, भाराची वाट आखूड. म्हणून ब्राझीलच्या रॉसीने १८९२ ची प्रतिकृती .४५४ कॅसुलमध्येही विकली, आणि त्या काडतुसाची मर्यादा ६५ हजार आहे.

यावरून निघालेला दुसरा युक्तिवाद थोडा जास्त सन्मानाने घ्यावा लागतो : माझी १८९२ .४५ कोल्टची आहे, सांगाडा तोच, तेव्हा निदान हिच्यात तरी जोरकस लोड चालेल. रचनेच्या अंगाने हे बरोबर आहे. १८९२ खरोखरच बळकट आहे, आणि काही नामांकित लेखकांनी तिच्यासाठी वेगळे लोड दिलेही आहेत. पण .४५४ साठी विकलेल्या रायफलीवर बनवणाऱ्याने .४५४ कोरलं, त्या दाबाने तिची चाचणी घेतली, त्या जबाबदारीवर सही केली. तुमच्या रायफलीवर .४५ कोल्ट कोरलं आहे. दोघींची उष्णतेची प्रक्रिया एकच आहे का, हे दुकानदाराला माहीत नाही आणि रायफलीकडे बघून तुम्हालाही कळत नाही. तिथे मी "हे आत्महत्येसारखं आहे" असं म्हणणार नाही. "तुमच्या जबाबदारीवर" एवढंच म्हणेन. १८७३ बाबत तेवढंही म्हणायची माझी तयारी नाही.

"मी पाचशे फेऱ्या झाडल्या, प्रायमर चपटा झाला नाही, पुंगळी अडकली नाही" हा तिसरा दाखला. चपटा प्रायमर, अडकणारी पुंगळी, बुडावर चमकलेला ठसा या खुणा बोल्ट-ॲक्शन रायफलींच्या जगातल्या, जिथे ५०-६० हजारांचा दाब रोजचा. पितळ आणि प्रायमर एका ठरावीक दाबाला बोलायला लागतात. रायफल कोणती आहे ते त्यांना माहीत नसतं. १४ हजारांच्या रायफलीत ती खूण दिसायची वाट बघणं म्हणजे धोक्याची रेषा केव्हाच मागे टाकून पाटीची वाट बघणं. शिवाय अशा रायफली बहुतेकदा एका फेरीत फुटत नाहीत. दुव्यांची टोकं दबतात, पिनांची भोकं लांबट होतात, बोल्ट आणि पुंगळीमधली फट केसाकेसाने वाढते. पाचशे फेऱ्या झाल्या म्हणजे रायफल सुरक्षित ठरली असं नाही. तिने पाचशे फेऱ्यांची झीज सोसली, एवढंच सिद्ध झालं.

पुस्तकातल्या आकड्यांमागे हातचं राखलेलं असतं, हेही खरं. पण ते तुमच्या हौसेसाठी राखलेलं नाही. तराजू अर्धा ग्रेन चुकला, दारूचा नवा डबा किंचित तेज निघाला, उन्हात गाडीत डबा तापला, यांच्यासाठी ते आहे. लिव्हर रायफलीत त्यात आणखी एक भर. मॅगझिन नळीचं, काडतुसं एकामागे एक, स्प्रिंगच्या दाबाखाली, आणि प्रत्येक फेरीचा झटका त्या रांगेला बसतो. पुंगळीचं तोंड नीट आवळलेलं नसेल तर गोळी आत सरकते, दारूची जागा कमी होते आणि दाब चढतो. पुस्तकी लोडला ही चूक पचते. आधीच दुप्पट धक्क्याच्या लोडला पचायला काय उरलं? .४५ कोल्टची पुंगळी मुळात ४० ग्रेन काळ्या दारूसाठी घडवलेली. तेज बिनधुराच्या दारूचं नेहमीचं माप त्यात तळाशी बसतं, आणि चुकून दोनदा घातलं तरी वरून उमगत नाही. म्हणून जुने लोक प्रत्येक पुंगळीत दिवा धरून बघतात. या रायफलींशी खेळताना जास्तीचा जोर शोधण्यापेक्षा तो दिवा जास्त उपयोगी.

मला सगळ्यात न कळणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. हा जोर हवा कशाला? काउबॉय ॲक्शन नेमबाजी, ज्यासाठी बहुतेक लोक १८७३ घेतात, तिच्या नियमांत रायफलीच्या गोळीला सेकंदाला १,४०० फुटांची कमाल मर्यादा आहे आणि गोळी शिशाची लागते. तिथे जिंकणारे मुद्दाम हलके लोड वापरतात, कारण झटका कमी तर पुढची गोळी लवकर. शिकारीसाठी हवी असेल तर १८९२ आहे, १८८६ आहे, त्यांच्या प्रतिकृतीही दुकानात आहेत. आपल्याकडच्या शिकारकथांच्या वाचकांना केनेथ अँडरसनची .४०५ विंचेस्टर आठवत असेल. तीही लिव्हरचीच होती, पण १८९५ ची, पुन्हा ब्राउनिंगच्याच हातची. वाघामागे जाणाऱ्या माणसाने टॉगल निवडला नव्हता. १८७३ घ्यायची ती तिच्या लिव्हरच्या रेशमी चालीसाठी. ती चाल टॉगलमुळेच आहे आणि तिची किंमत टॉगलच्या मर्यादेत चुकवलेली आहे. एक हवं आणि दुसरं नको, असं होत नाही.

एक विनंती, वाद घालणाऱ्यांनाही आणि न घालणाऱ्यांनाही. रुगरच्या रिव्हॉल्व्हरसाठी भरलेलं ३० हजारांचं .४५ कोल्ट आणि १८७३ साठी भरलेलं १४ हजारांचं, बाहेरून हुबेहूब एकच दिसतात. पुंगळीवरचा ठसा एकच, लांबी एकच, दोन्ही दोन्हीकडे बसतात. घरात १८७३ असेल तर जोरकस .४५ कोल्ट भरूच नका. भरलंच असेल तर वेगळ्या रंगाच्या डब्यात, कोणत्या हत्यारासाठी ते ठळक लिहून, वेगळ्या कपाटात ठेवा. आणि रेंजवर शेजारच्याने प्रेमाने पुढे केलेली, त्याने घरी भरलेली काडतुसं आपल्या रायफलीत घालू नका, तो कितीही जवळचा मित्र असला तरी.